जुना ट्रॅक्टर ठेवावा की विकावा?

शेतीतला जुना ट्रॅक्टर म्हणजे यांत्रिक डिझेल पंपावर चालणारा, बहुधा दोन किंवा तीन सिलिंडरचा, बिडाच्या जाड ब्लॉकचा आणि वीस-पंचवीस वर्षे मातीत राबलेला ट्रॅक्टर. भारतात ही पिढी १९६० च्या आगेमागे सुरू झाली. आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबादला १९५९ मध्ये तयार झाला. मद्रासेत १९६० मध्ये टॅफे ही कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने निघाली. मुंबईत महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली आणि कांदिवलीच्या कारखान्यातला बी-२७५ महाराष्ट्राच्या गावोगाव पोहोचला. एचएमटीने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र घेऊन ट्रॅक्टर बांधायला घेतले. १९७४ मध्ये आलेला स्वराज मात्र दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आखलेला, म्हणजे पूर्णपणे देशी रचनेचा होता. ही कामगिरी मोठी आहे आणि तिचा उल्लेख व्हावा तितका होत नाही.

घराणी वेगळी असली तरी या ट्रॅक्टरांचा स्वभाव एक आहे. इंजिन सावकाश फिरते, भाग जाड आणि जड असतात, आणि विजेचे काम सेल्फ मारण्यापुरते. एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून ठेवली तरी ते चालत राहते. बंद करायचे तर दांडी ओढून डिझेल तोडावे लागते. जवळजवळ सगळे पाना-पकडीने उघडते.

असा ट्रॅक्टर दुरुस्त करत राहावे की विकून मोकळे व्हावे, यावर गावात नेहमी दोन मते पडतात. एक मत गॅरेजमधल्या मिस्त्रीचे. दुसरे कृषी अभियांत्रिकीची पदवी घेऊन गावातच भाड्याने अवजारे चालवणाऱ्या तरुणाचे. पुढचा संवाद या दोन मतांचा आहे.

पदवीधर: काका, भरवशाचं यंत्र कोणतं हे आठवणींवर ठरवू नका, तासांवर ठरवा. शंभर तास काम काढलं तर त्यात यंत्र किती वेळा उभं राहिलं? जुना ट्रॅक्टर नव्यापेक्षा जास्त वेळा बंद पडतो, याला तुमच्या दारातली रांगच साक्षीला आहे.

मिस्त्री: बंद पडतो, नाही कोण म्हणतंय? पण बंद पडल्यावर पुन्हा चालू किती वेळात होतो, ते पण मोज की. मृगाचा पाऊस झाला, वापसा आला, पेरणीची घात चार दिवसांची. त्या चार दिवसांत माझ्याकडे आलेला ट्रॅक्टर संध्याकाळी परत पाभर ओढतो. ज्याचा भाग शहरातून यायचाय, त्याची घात गेली.

दोघे एकाच गोष्टीच्या दोन बाजू सांगतात. अभियांत्रिकीत तिला उपलब्धता म्हणतात. दोन बिघाडांमध्ये यंत्र सरासरी किती तास चालते आणि प्रत्येक बिघाडाला दुरुस्तीत किती तास जातात, या दोन आकड्यांवर ती ठरते. समजा, एक ट्रॅक्टर दर ५० तासांनी बंद पडतो, पण २ तासांत चालू होतो. त्याची उपलब्धता ५२ पैकी ५० तास, म्हणजे सुमारे ९६ टक्के. दुसरा ३०० तासांतून एकदाच बंद पडतो, पण भाग आणि माणूस यायला कामाचे ३० तास जातात. त्याची उपलब्धता ३३० पैकी ३०० तास, म्हणजे सुमारे ९१ टक्के. सहापट कमी वेळा बिघडूनही दुसरा ट्रॅक्टर मागे पडला. म्हणून जुन्या ट्रॅक्टरचा भरवसा एकट्या लोखंडात शोधून भागत नाही. बिघाड ओळखणारा माणूस आणि लागणारा भाग किती जवळ आहे, यावर तो निम्मा अवलंबून असतो. हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: मिस्त्री म्हातारा झाला आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकले नाही, तर तोच ट्रॅक्टर एका वर्षात बेभरवशाचा होतो.

मिस्त्री: बिघाड ओळखायला अर्धं काम डोळ्यांचं आणि कानांचं. धूर बघायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा राहिला म्हणजे डिझेल नीट पेटत नाही, नाहीतर पाणी आत शिरतंय.

पदवीधर: धूर खूण देतो, निदान देत नाही. निळा धूर रिंगांमुळेही येतो आणि व्हॉल्व्ह गाइड झिजली तरी येतो. कंप्रेशन मोजा. कमी आलं तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा-लाइनर गेलेत. तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, नाहीतर हेड गॅस्केट फुटलंय. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर इंजिन उघडायचं की नुसतं हेड उतरवायचं हे ठरतं.

मिस्त्री: त्यात काही वाद नाही. पण गेज नसलं तर ब्रीदर बघ. ऑइल भरायचं झाकण काढ, धूर भसाभस बाहेर फेकत असेल तर रिंगा बसल्याच म्हणून समज.

पदवीधराचा मुद्दा इथे वरचढ आहे. ग्रामीण दुरुस्तीत पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो चुकीच्या निदानात: नोझलचा दोष असताना पंप काढला जातो, हेड गॅस्केटचा दोष असताना रिंगा बदलल्या जातात. जुन्या ट्रॅक्टरचा मोठा गुण असा की त्याच्या बहुतेक भागांची स्वतंत्र तपासणी करता येते. हा गुण वापरायचा तर तपासणीची शिस्त हवी.

डिझेलचा मार्ग हे त्याचे चांगले उदाहरण. टाकीतून डिझेल फीड पंपाकडे, तिथून फिल्टरकडे, मग मुख्य पंपाकडे आणि तिथून जाड नळ्यांतून नोझलकडे जाते. पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यातली फट अवघ्या दोन-तीन मायक्रॉनची असते. त्या फटीत पाणी किंवा बारीक रेती गेली की पंप झिजतो. दुसरा नेहमीचा त्रास हवेचा. टाकी कोरडी पडली किंवा नळीचा जोड सैल झाला की डिझेलच्या मार्गात हवा शिरते आणि इंजिन झटके खात बंद पडते. याला ट्रॅक्टरने हवा धरली असे म्हणतात. उपाय साधा आहे. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपाची दांडी हाताने मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे विरळ होतात, शेवटी डिझेलची अखंड धार येते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग तेच पंपाच्या स्क्रूवर करायचे, आणि तरीही इंजिन उचलले नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायचा. वाकड्या झालेल्या वॉशरमुळे हवा पुन्हा पुन्हा धरते. नवा तांब्याचा वॉशर टाकला की तक्रार संपते. हे काम ज्या घरात येते त्या घरचा ट्रॅक्टर बांधावर अडकून पडत नाही.

पदवीधर: हवा काढणं ठीक. पण पंप उघडून चाळा करणारे लोक मी बघतो. पंपाची सेटिंग टेस्ट बेंचवरच झाली पाहिजे. प्रत्येक सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का, हे कानानं कळत नाही.

मिस्त्री: पंप मी उघडतच नाही. काढतो, आणि तालुक्याच्या पंपवाल्याकडे पाठवतो. नोझल मात्र हातपंपावर लावून फवारा बघतो. धुक्यासारखा बारीक पडला तर नोझल ठीक, थेंब टपकले तर गेला. पण मला सांग, हे नवीन डिझेल आल्यापासून जुने पंप लवकर जातात, असं लोक म्हणतात. खरं का?

पदवीधर: एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे. त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहा भाग. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, हे खरं. पण मानकातच वंगणपणाची मर्यादा घातलेली आहे, ती राखून डिझेल विकावं लागतं. पंप मरतात ते पिंपातल्या पाण्यानं आणि धुळीनं. पिंप उन्हात उघडं, वरून मळकं फडकं, तळात गाळ. त्यातलं डिझेल टाकीत ओतायचं आणि दोष नव्या डिझेलला द्यायचा.

इंधनाइतकीच काळजी हवेची घ्यावी लागते, आणि नेमकी तीच सर्वांत कमी घेतली जाते. जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. आत येणारी हवा ऑइलवर आपटून वळते आणि धूळ ऑइलमध्ये राहते. उन्हाळी नांगरटीत किंवा कोरड्या रानात रोटाव्हेटर मारताना त्या वाटीतले ऑइल लवकर चिखलासारखे घट्ट होते. ते रोज उघडून पाहायला हवे. त्याहून घातक दोष म्हणजे क्लीनर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीला पडलेली चीर. क्लिपच्या आड दडलेली ही चीर दिसत नाही, पण तिच्यातून गाळणीशिवाय धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि नवे केलेले इंजिन एका हंगामात बसते. मालक मग लाइनर हलके निघाले म्हणून दुकानदाराशी भांडतो. इंजिनाचे काम केल्यावर ती नळी आणि क्लिपा बदलल्याच पाहिजेत.

इंजिन उघडणे हा जुन्या ट्रॅक्टरच्या आयुष्यातला मोठा प्रसंग. पाण्याने थंड होणाऱ्या अनेक इंजिनांत ओले लाइनर असतात, म्हणजे सिलिंडरची नळी ब्लॉकमध्ये सुटी बसवलेली असते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागते. या रचनेमुळेच ही इंजिने पुन्हा पुन्हा नवी होतात. झिजलेली नळी ओढून काढायची, नवी बसवायची, ब्लॉक तोच. (आयशरच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणीच नाही, त्यामुळे तिथे रेडिएटरची कटकट नाही, मात्र सिलिंडरभोवतीच्या फिन्समध्ये भूस आणि माती अडकली की इंजिन तापते.) लाइनरची झीज सारखी नसते. वरची रिंग जिथवर जाते तिथे ती सर्वांत जास्त असते आणि खाली कमी होत जाते. म्हणून वर, मध्ये आणि खाली, आडवे-उभे माप घ्यावे लागते. बोटाने कड लागते का पाहून लाइनर ठरवण्याची सवय मोडायला हवी.

मिस्त्री: लाइनर-पिस्टन-रिंगा आणि व्हॉल्व्ह केले की हाफ इंजिन. क्रँकपर्यंत गेलं की फुल. गिऱ्हाईक म्हणतं, हाफच करा. खालून ऑइलचा दाब नसला तर मी करत नाही. वरचं नवं केल्यावर कंप्रेशन वाढतं, खालच्या जुन्या बेअरिंगवर मार बसतो आणि दोन महिन्यांत रॉड बाहेर येतो.

पदवीधर: आणि क्रँक घासून किती वेळा चालवणार? पहिल्यांदा पाव मिलिमीटर, मग अर्धा, मग पाऊण. प्रत्येक वेळी तेवढं जाड बेअरिंग टाकायचं. जर्नलचा वरचा थर कठीण केलेला असतो. तो घासून निघाला की खालचं लोखंड मऊ. पुढचं बेअरिंग पहिल्याच्या निम्मंही टिकत नाही.

मिस्त्री: म्हणून क्रँक कितव्या साइजवर आहे ते मी पहिल्यांदा विचारतो. शेवटच्या साइजवर असेल तर नवीन क्रँक घ्या म्हणतो. नवीन मिळत नसेल तर ट्रॅक्टर विका म्हणतो. मी काय सगळेच ट्रॅक्टर जगवायला बसलोय?

दोघांचे एकमत इथे होते, आणि विकायचे की ठेवायचे याची खरी सीमारेषाही इथेच आहे. ब्लॉकला तडा नाही, क्रँकला अजून घासायला जागा आहे आणि गिअर बॉक्सचे कवच शाबूत आहे, तर बाकी सगळे बदलता येते. या तीनपैकी एक गेले की हिशेब उलटतो.

इंजिन बांधताना दोघांची पद्धत मात्र वेगळी पडते. मिस्त्री हेडचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळतो. पदवीधर टॉर्क पाना मागतो, कारण हेड मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या मापाने आवळले नाही तर ते किंचित वाकते आणि गॅस्केट एका कोपऱ्यातून फुंकते. लाइनरचा माथा ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी वर असावा लागतो. बैठकीत जुना गंज राहिला तर हे मापही बिघडते. पन्नासेक तास हलके काम देऊन हेड पुन्हा आवळायचे आणि ऑइल बदलायचे, ही सूचना जुन्या पुस्तिकांत छापलेली आहे. भर हंगामात ती कोणी पाळत नाही, आणि त्याची किंमत पुढच्या हंगामात मोजावी लागते.

पाण्याचा विषय याला जोडूनच येतो. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरण्याची रीत सर्वत्र आहे. या जड पाण्याचे क्षार लाइनरच्या बाहेरच्या अंगावर थराने बसतात, उष्णता बाहेर जात नाही आणि इंजिन तापू लागते. लोक मग थर्मोस्टॅट काढून फेकतात. त्यामुळे इंजिन नेहमीच थंड राहते, डिझेल पुरते जळत नाही आणि लाइनर उलट लवकर झिजतो. साध्या पाण्याचा दुसरा तोटा लाइनर बाहेर काढल्यावर दिसतो. स्फोटाच्या धक्क्याने लाइनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि लाइनरच्या एका बाजूला देवीच्या वणांसारखे खड्डे पडत जातात. एखादा खड्डा आरपार गेला की पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी बाहेर काढल्यावर दुधाळ थर दिसला तर इंजिन एक मिनिटही चालवू नये. कूलंट हा गाडीवाल्यांचा शौक आहे असा समज आहे. पण कूलंटमधली रसायने लाइनरवर संरक्षक थर धरतात, आणि जुन्या इंजिनाला त्याची गरज नव्याइतकीच असते.

पदवीधर: सुट्या भागांचं काय? एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. ज्याच्याकडे एचएमटी-झेटर आहे त्यानं कंपनीकडे कोणत्या तोंडानं जायचं?

मिस्त्री: कंपनी गेली, बाजार नाही गेला. राजकोटला लाइनर-पिस्टन होतात, लुधियानात गिअर आणि बाकीचा माल, कोल्हापूरच्या फाउंड्रीत बिडाचं ओतकाम. ज्या मॉडेलचे ट्रॅक्टर रानात जास्त, त्याचा माल बाजारात जास्त. बी-२७५, मॅसी १०३५, स्वराज ७३५, फोर्ड ३६००, यांचं अडत नाही. अडतं ते थोडे विकले गेलेल्या मॉडेलांचं.

पदवीधर: आणि डुप्लिकेट?

मिस्त्री: ते आहे. खोका कंपनीचा, आत भलतंच. म्हणून मी रिंगांची फट लाइनरमध्ये घालून मोजतो, बेअरिंगचं वजन हातात तोलतो, ऑइल सील दाबून बघतो. कडक झालेलं सील दिसायला नवं असलं तरी रबर मेलेलं असतं. कंपनीबाहेरचा चांगला माल आणि बनावट माल यांत फरक आहे, पण लोक दोघांना एकाच तागडीत तोलतात.

मिस्त्रीने सांगितलेला फरक महत्त्वाचा आहे. स्वतःच्या नावाने भाग विकणारा कारखानदार त्या भागाची जबाबदारी घेतो. दुसऱ्याच्या नावाचा खोका छापणारा ती घेत नाही. बिल घेणे आणि जुना भाग दुकानात नेऊन मापे जुळवणे, एवढी खबरदारी शेतकऱ्याच्या हातात आहे.

इंजिनानंतर खर्च खाणारा भाग म्हणजे हायड्रोलिक लिफ्ट. हॅरी फर्ग्युसनच्या तीन सांध्यांच्या जोडणीमुळे अवजार ट्रॅक्टरचाच भाग बनले, आणि नांगराला माती जड लागली की लिफ्ट त्याला आपोआप थोडे वर घेते. या यंत्रणेचे बहुतेक दोष उघडण्याआधी ओळखता येतात. अवजार उचलून इंजिन बंद करायचे. ते हळूहळू खाली बसले तर सिलिंडरचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो. थंड असताना उचलते आणि तापल्यावर उचलत नाही, तर पंप झिजला. गरम ऑइल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून मागे फिरते. मुळातच उचलत नसेल तर आधी ऑइलची पातळी आणि गाळणी पाहावी. अनेक जुन्या मॉडेलांत गिअर, मागचा धुरा आणि हायड्रोलिक यांना एकच ऑइल असते. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत चिखलणी करताना धुऱ्याच्या सीलमधून पाणी आत जाते आणि ते ऑइल राखी-पांढरे होते. तसेच चालवले तर लिफ्टचा पंप, गिअर आणि बेअरिंगा तिन्ही एकदम जातात. चिखलणी संपल्यावर तळाचा बोल्ट सैल करून आधी पाणी उतरते का पाहणे, हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

पदवीधर: एवढं सगळं मान्य केलं तरी एका बाबतीत मी ऐकणार नाही. ब्रेक. जुन्या ट्रॅक्टरचे कोरडे ब्रेक, एक चाक आधी धरतं, दुसरं नंतर. तो ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून कारखान्याच्या रस्त्यावर काढतात. नव्यात तेलात बुडालेले डिस्क ब्रेक आहेत.

मिस्त्री: त्या बाबतीत मी तुझ्याच बाजूला. ब्रेक दोन्हीकडे सारखे लागत नसतील तर मी किल्ली देत नाही. आणि पेचकस लावून ट्रॅक्टर चालू करणारे तर मला दारात नकोत.

पेचकसाचा हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे. स्विच किंवा वायर बिघडली की जमिनीवर उभे राहून, मागच्या चाकापुढून हात घालून सेल्फची दोन टोके पेचकसाने जोडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होताक्षणी पुढे जातो आणि माणूस चाकाखाली येतो. क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा असल्याशिवाय सेल्फ लागू नये, यासाठी असलेला स्विच जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा तोडून थेट जोडलेला असतो. तो परत बसवायला फार खर्च येत नाही. तसेच पीटीओच्या, म्हणजे अवजाराला इंजिनाची शक्ती देणाऱ्या, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणाऱ्या दांड्यावरचे झाकण हरवलेले असते, आणि धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात अडकायला क्षणही लागत नाही. ओढण्याची साखळी मागच्या धुऱ्याच्या वर बांधली तर ट्रॅक्टर पुढून उठून चालकावर उलटतो; ती नेहमी खालच्या आकड्यालाच बांधावी. इंजिन कितीही भरवशाचे असो, या गोष्टी ठीक नसतील तर असा ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नये.

मिस्त्री: आता तुझ्या नव्याचं बोल. त्याला लॅपटॉप लावल्याशिवाय दोष कळत नाही म्हणतात.

पदवीधर: सगळ्या नव्यांना नाही, काका. १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराचे नियम लागले ते पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना. त्यांत कॉमन रेल आलं, सेन्सर आले. तुमच्या नोझलचा दाब दोनशे बारच्या आसपास, तिथं हजाराच्या वर. पन्नासच्या आतल्या बहुतेक नव्या ट्रॅक्टरवर यांत्रिक पंपच आहे, आणि आपल्याकडे विक्री जास्त त्यांचीच. नवा म्हणजे कॉम्प्युटरचाच, हे खरं नाही.

मिस्त्री: आणि वरचा घेतला तर?

पदवीधर: तर दुरुस्तीसाठी कंपनीवर अवलंबून राहावं लागतं, हे मला मान्य आहे. धूर कमी, डिझेल मोजून जळतं. पण दोषाचा कोड वाचायचं साधन बाहेरच्या मिस्त्रीला मिळालं पाहिजे.

ही मागणी एकट्या भारताची नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. उत्पादकांनी पुस्तिका, भाग आणि निदानाची साधने शेतकऱ्याला व स्वतंत्र कारागिरांना द्यावीत, असे त्यात आहे. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे त्या कामाच्या पहिल्या क्षेत्रांत धरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या विषयाचे सरकारी संकेतस्थळही निघाले. पण संकेतस्थळावर माहिती असणे वेगळे आणि कारागिराला कायद्याने साधन मिळणे वेगळे. जुन्या ट्रॅक्टरला कोणीही दुरुस्त करू शकत होते म्हणून तो टिकला, हे लक्षात घेऊन ही तरतूद नव्यांसाठी व्हायला हवी.

उरतो पैशाचा प्रश्न. कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य ढोबळमानाने १०,००० तास किंवा १० वर्षे धरतात, म्हणजे वर्षाला १,००० तास. दहा-पंधरा एकरांचा घरचा शेतकरी इतके तास वापरतच नाही. त्याच्या अंगणात ट्रॅक्टर वर्षाचे बहुतेक दिवस उभा असतो, आणि नव्याचा हप्ता मात्र उभ्या ट्रॅक्टरलाही चुकत नाही. याउलट जो भाड्याने नांगरट करतो किंवा हंगामभर ऊस ओढतो, त्याचे हजार तास एका वर्षात सहज भरतात. त्याच्या बाबतीत जास्तीचे डिझेल, वारंवारचे क्लच आणि बुडालेले भाडे मिळून जुन्या ट्रॅक्टरची बचत खाऊन टाकतात. मिस्त्री आणि पदवीधर यांचा वाद बराचसा यामुळे आहे की एकाच्या डोळ्यासमोर पहिला शेतकरी आहे आणि दुसऱ्याच्या डोळ्यासमोर दुसरा.

घरच्या शेतीपुरता, क्रँक-ब्लॉक शाबूत असलेला आणि ज्याचे भाग तालुक्याला मिळतात असा जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून ठेवावा. भाड्याच्या आणि वाहतुकीच्या धंद्याला नवा घ्यावा. जुना विकत घेणाऱ्याने तो सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहायला जावे, कारण विकणारा बहुधा आधीच तापवून ठेवतो आणि सुरू होण्याची अडचण झाकली जाते. ऑइलची पट्टी, रेडिएटरचे तोंड आणि ब्रीदर पाहावा, अवजार उचलून इंजिन बंद करावे, ब्रेक रस्त्यावर तपासावे, क्रँक कितव्या साइजवर आहे ते विचारावे. आणि कागद पाहावेत: शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण न झालेला ट्रॅक्टर कितीही चांगला चालत असला तरी विकणाऱ्याने नोंदणीचे नूतनीकरण केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.